कोरडी अंबाडी

डोकी आपटायचा पगार मिळतो मला. कोणी विचारलं की मॅडम तुम्ही काय करता, तर मी हेच सांगते. समोरचा आधी हसतो, मग घाबरतो, मग समजावत बसावं लागतं. गोंदियाच्या एमआयडीसीत हेलमेट बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. तिथं नवे नमुने तयार करणं आणि ते तपासणं हे माझं काम. तपासणं म्हणजे काय, तर एक धातूचं डोकं असतं, त्याला हेलमेट घालायचं, उंच खांबावर चढवायचं आणि सोडून द्यायचं. ते खाली ऐरणीवर आदळतं. डोक्याच्या आत बसवलेलं यंत्र सांगतं की खरा माणूस असता तर त्याच्या मेंदूला किती झटका बसला असता. झटका हद्दीच्या आत राहिला तर हेलमेट पास, नाही तर भंगारात. ते धातूचं डोकं फार नाजूक प्रकरण आहे. त्याला उचलताना, पुसताना, कापडात गुंडाळून कपाटात ठेवताना सगळे इतकं जपतात की कारखान्यात त्याचं नाव ‘जावई’ पडलं आहे. जावयाले आणा, जावयाले बसवा, जावई तापला काय, असं दिवसभर चालू असतं.

माझा राग नाकावर असतो, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको. मी पुरवठादारावर ओरडते, कामगारांवर ओरडते, एकदा तर वीज गेली म्हणून खांबावर ओरडले होते. कारखान्याचे सेठ स्वभावाने गरीब. ते मला पाहिलं की हळूच म्हणतात, "मॅडम, पहले चाय पी लो." चहा पिऊन मी पुन्हा ओरडते. हा गुण मला बाबूजींकडून आला असं आई म्हणते. बाबूजी म्हणतात आईकडून आला.

दिवाळी झाली आणि बाबूजी गाडीवरून पडले.

आमचं गाव केशोरीकडचं. आमचे पणजे, खापरपणजे तलाव बांधणारे. गावचा तलावही त्यांच्याच हातचा. पार, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, कशी घालायची, माती कोणती, थर किती जाड, हे आमच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं. आता नवे तलाव कोणी बांधत नाही, पण आहे त्याचं पाणी तर वाटावं लागतं. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी पाणी जाईल हे ठरवायचं आणि वेळेवर तुडुम उघडायचा, हे काम बाबूजी तीस वर्षं करत आले. तुडुम म्हणजे पाण्यात बांधलेली दगडी विहीरच समजा. तिची भोकं उघडली की पाणी पारीखालून नहरात येतं. तलावापासून शेवटच्या बांधीपर्यंत तीन गावांची शिवारं. एवढी फेरी बाबूजी रोज दोनदा मोटरसायकलवर मारायचे, डोक्याला दुपट्टा गुंडाळून.

त्या दिवशी रस्त्यात बसलेलं एक गोऱ्हं अचानक उठलं आणि बाबूजी नहराच्या काठावर डोक्यावर आपटले. सात टाके पडले. मानेचा मणकाही दुखावला. मी गोंदियाहून धावत दवाखान्यात पोचले, त्यांना शुद्धीवर पाहिलं, जीव भांड्यात पडला, आणि मग माझं तोंड सुटलं.

"बाबूजी, हेलमेट काऊन नाही घातलं?"

"दोन कोसासाठी कायले घालू?"

"माझा कारखाना कायचा आहे? काय बनवतो आम्ही?"

"तू बनवते ते शहरातल्या लोकायसाठी."

मी आईकडून गाडीची चावी घेतली आणि पर्समध्ये टाकली. बाबूजींना मणका बरा होईपर्यंत माझ्याकडे गोंदियाला आणलं. हेलमेट घातल्याशिवाय चावी मिळणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. बाबूजी म्हणाले, ठीक आहे, घालतो. मला वाटलं संपलं प्रकरण.

कुठलं संपतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मानेवर वजन नको, हलकंच हेलमेट पाहिजे. मी आमच्या कारखान्यातलं नेहमीचं आणलं, ते जड झालं. अर्ध्या तासात मान दुखायला लागली. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगून विकतात त्यातलं एक हलकं आणून पाहिलं. हाताने दाबलं तर दबलं, आत थर्माकोलच्या जागी स्पंज. ते मी तिथंच पायाखाली फोडलं. मग दुकानातून चांगलं, हलकं, मजबूत असं एक आणलं. पण तशी हलकी हेलमेटं निघतात ती तोंड झाकणारी. बाबूजींनी ते घालून ओसरीत दोन फेऱ्या मारल्या, काच वर केली, गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा सावरला आणि विचारलं, "खर्रा कोठून थुंकू?"

"खर्रा सोडा."

"तुडुम सोडतो, खर्रा सुटत नाही," म्हणाले आणि हेलमेट काढून ठेवलं.

हसण्यासारखी गोष्ट असली तरी बाबूजी आतून हसत नव्हते. संक्रांत झाली की उन्हाळी धानाला पाणी सोडतात. त्याआधी तलावाच्या पारीवर बैठक होते आणि त्या वर्षी पाणी कोण पाहणार ते ठरतं. तीस वर्षं कोणी दुसरं नाव घेतलं नव्हतं. या वर्षी माझा चुलतभाऊ टपून बसला होता. माणूस वाईट नाही, पण त्याच्या बांध्या तुडुमाच्या तोंडाशीच. त्याच्या हाती पाणी गेलं तर शेवटच्या बांध्यांपर्यंत ते किती पोचेल याची सगळ्यांना शंका होती. आणि गावातले बरोबरच बोलत होते: जो माणूस गाडीवर बसू शकत नाही, तो रोज तीन गावांची शिवारं कशी फिरेल? बाबूजी दिवसभर माझ्या घराच्या ओसरीत बसून फोनवर विचारायचे, तलावात पाणी किती आहे, पारीवर कोणी बेशरमाची झाडं कापली का. फोन ठेवला की गप्प. मला ते गप्प बसणं सोसेना. एका संध्याकाळी मी म्हणाले, "बाबूजी, बैठकीच्या आत तुम्हाला हेलमेट करून देते. हलकं, उघड्या तोंडाचं, आणि माझ्या खांबावरून पास झालेलं. माझ्या हातचं."

हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. कारखान्यात त्याच वेळी एक नवं काम सुरू झालं होतं. साध्या माणसाला परवडेल असं हलकं हेलमेट करायचं सेठच्या मनात होतं. प्लास्टिकचं कवच मजबूत करायचं तर जाड करावं लागतं, आणि जाड केलं की जड होतं. नुसत्या काचेच्या धाग्याचं केलं तर हलकं होतं पण महाग पडतं. मी सुचवलं होतं की काचेच्या धाग्याच्या थरांमध्ये अंबाडीच्या धाग्याचे थर घालू आणि सगळं रेझिनमध्ये, म्हणजे सुकून टणक होणाऱ्या चिकट रसायनात, बसवू. अंबाडी आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावर उगवते, धागा चिवट, वजनाला काहीच नाही. सेठ म्हणाले, "अंबाडी की तो भाजी बनती है, मॅडम." मी म्हणाले भाजी पानांची होते, हेलमेट सालीचं होईल. पहिले दोन नमुने बरे निघाले होते. पण व्यापाऱ्याकडून आलेला धागा आखूड आणि कचऱ्याने भरलेला होता.

तो धागा मी बाबूजींना दाखवला. त्यांनी चिमटीत धरून ओढला आणि बाजूला ठेवला.

"हे अंबाडी नाही वो बाई, झाडू आहे. बोडीत मी भिजत घातली आहे ना, ते आण."

खरंच, पडायच्या आधी त्यांनी घरच्या दोरांसाठी अंबाडीचे भारे गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, भिजत घातले होते. पाण्यात राहून साल सुटली होती. गावी असलेल्या माझ्या भावाने ती सोलून, धुऊन, वाळवून गोंदियाला पाठवली. काय धागा होता तो! पुरुषभर लांब, पिवळसर, चकाकणारा. मी हात फिरवून पाहतच राहिले.

मग बाबूजी रोज माझ्यासोबत ऑटोत बसून कारखान्यात यायला लागले. सेठने स्वतःच बोलावलं, "बाबूजी, आप ही देख लो, ये सब आपका ही विभाग है." मागच्या शेडमध्ये त्यांना एक पाट दिला. ते धागा विंचरायचे, कचरा काढायचे, सारख्या जाडीच्या लडी करून ठेवायचे. मी त्या लडी गरम कपाटात वाळवायला लावायची, कारण अंबाडी हवेतली ओल धरून बसते. वाळलेल्या लडी पुन्हा बाबूजींकडे जायच्या. ते त्या मोजक्या जाडीत पसरून ताटांवर मांडायचे आणि ताटं साचे भरणाऱ्या मावशीकडे द्यायचे. मावशी साच्यात काचेचा थर घाली, वर रेझिन, वर अंबाडी आडवी, पुन्हा रेझिन, पुन्हा अंबाडी उभी, आणि रोलर फिरवून हवा काढी. बाबूजींचा चेहरा खुलला. दुपारच्या डब्याला ते सगळ्यांना तलावाच्या गोष्टी सांगत आणि मावशी त्यांना चिडवी, "बाबूजी, आता आमच्या डोस्क्यावर अंबाडीची भाजी बांधून राहिले." घरी परतताना ते ऑटोत गुणगुणत. मला वाटलं आता काय, महिन्याभरात काम फत्ते.

पहिल्या खेपेची हेलमेटं जावयाच्या डोक्यावर चढली. मी बटण दाबलं. खाली आदळल्याचा आवाजच मला आवडला नाही. ठणक आवाज यायला हवा, तर फसकन आला. उचलून पाहिलं तर कवचाचे थर सुटले होते. कांद्याच्या टरफलासारखे हाताने सोलता येत होते. पडद्यावरचा आकडा लाल रेषेच्या कितीतरी वर. दुसरं टाकलं, तेच. तिसरं टाकलं, तेच. त्या आकड्यात मला सात टाके दिसायला लागले.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. रेझिनवाल्याला फोन करून झापलं. तो बिचारा शपथा घ्यायला लागला. हार्डनरचं प्रमाण बदललं. रोलर बदलला. मावशीवर ओरडले की तू हवा नीट काढत नाहीस. मावशी आधी फायबरचे कूलर बनवायची; ती म्हणाली, "मॅडम, माझ्या हातचे कूलर आजवर फुटले नाही." मग थंडीला दोष दिला आणि शेडमध्ये हीटर लावला. दुसऱ्या खेपेचेही थर सुटले, तिसऱ्याचेही. डिसेंबर संपायला आला. बाबूजी रोज खांबाजवळ येऊन उभे राहत. हेलमेट फुटलं की मागच्या शेडमध्ये जात आणि दुसऱ्या दिवशी आणखी मन लावून काम करत.

एकदा ते एका लग्नाला आमगावला गेले. दोन दिवस नव्हते. त्या दोन दिवसांत मावशीनेच लडी पसरल्या. त्यांची हेलमेटं टाकली तर ठणक आवाज, थर शाबूत, आकडा रेषेच्या खाली. कारखान्यात टाळ्या पडल्या. मी म्हटलं, हीटरनेच काम केलं. बाबूजी परत आले, त्यांना पेढा दिला. पुढची खेप टाकली आणि पुन्हा फसकन आवाज. आता मात्र माझं डोकं चालेनासं झालं. बाबूजी नसले की हेलमेट पास होतं आणि असले की नापास, हे माझ्या लक्षात आलं, पण असा विचार करायचीसुद्धा मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या दाराने न येता मागच्या शेडमध्ये गेले. बाबूजी पाटावर बसले होते. समोर गरम कपाटातून नुकत्याच काढलेल्या लडी, कोरड्या ठणठणीत. बाजूला पाण्याचा गडवा. बाबूजी गडव्यात बोटं बुडवत होते आणि लडीवर शिंपडत होते. अगदी हलक्या हाताने, देवाला पाणी शिंपडावं तसं. मग लडी उलटी करून दुसऱ्या अंगाने. मग ताटावर मांडून वरून ओलं पोतं.

माझा आवाज शेडच्या पत्र्याला लागला. "बाबूजी, काय करून राहिले तुम्ही?"

"काऊन? पाणी मारून राहिलो."

"पाणी? मी तासन्‌तास वाळवते आणि तुम्ही पाणी मारता? महिना झाला मी लोकांना शिव्या देऊन राहिले! तुमच्या पाण्यानं सगळी वाट लागली!"

अख्खा कारखाना दाराशी जमला. मावशी तोंडावर पदर धरून म्हणाली, "मले वाटलं तुमीच सांगतलं. ते आमगावले गेले तवा मी कंटाळा करून पाणी नाही मारलं." मी आणखी बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवतं, इथं लिहीत नाही. तुम्हाला इथं आणायलाच नको होतं, एवढं शेवटचं होतं. बाबूजींनी गडवा बाजूला ठेवला, धोतराला हात पुसले आणि उठून फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. सेठ आले, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच चहा पी म्हणाले नाहीत. म्हणाले, "मॅडम, वो आपके पिताजी हैं."

एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी टपरीवर गेले, त्यांच्या बाकावर बसले. टपरीवाल्याला दोन चहा सांगितले.

"पाणी कशाला मारलं, बाबूजी?" मी विचारलं.

"दोर वळताना कोरडी अंबाडी मोडते. हातालेही चिरते. पाणी मारल्याशिवाय आमी तिले हात लावत नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "अन् तू थर घालून राहिली ना. पार घालताना एक थर मातीचा झाला का त्यावर पाणी मारतात, मग दुसरा थर. कोरड्या थरावर दुसरा थर बसतच नाही. पार फुटते. माझ्या आज्यानं मले हेच पहिलं शिकवलं. तू सगळं वाळवून टाकत होती. म्हटलं पोरगी चुकून राहिली, सेठसमोर कायले सांगू, आपणच मागून सुधरून देऊ."

महिनाभर हा माणूस माझी चूक झाकत होता. थर सुटले की त्याला वाटायचं पाणी कमी पडलं, आणि दुसऱ्या दिवशी तो थोडं जास्त शिंपडायचा. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हणाले, "चुकलं माझं, एवढं बोलायला नको होतं." ते म्हणाले, "बोलली ते बोलली. आता दाखव मले, पाण्यानं काय होते ते."

तासाभरात मी दोन पट्ट्या बनवायला घेतल्या, एक ओल्या अंबाडीची, एक कोरडीची. दुसऱ्या दिवशी त्या सुकल्यावर बाबूजींच्या हातात दिल्या. त्यांनी ओलीचा कोपरा नखाने उचलला, थर सरळ उलगडला. कोरडीला नख लागेना. दातांनी पाहिलं, पायाखाली धरून ओढलं. मग ती पट्टी उन्हात धरून आतले धागे बघत राहिले.

"मातीले पाणी पायजे, याले नाही," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून शेडमध्ये त्यांचंच राज्य. गरम कपाटातून काढलेली लडी कोणी उघड्या हाताने धरली तर ओरडायचे, की घाम लागते तिले. मावशीला हात पुसून यायला लावायचे. सेठ एकदा चहाचा कप घेऊन आत शिरले तर त्यांनाही दाराबाहेर उभं केलं. मी बाजूला उभी राहून मजा बघायची, कारण ओरडायला मला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

नवी खेप पास झाली. सपाट ऐरणीवर पास, गोल ऐरणीवर पास, टोकदार घण सोडला तो आत शिरला नाही. गरम करून, थंड करून, पाण्यात बुडवून पुन्हा टाकली, तरी पास. मग नमुने मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले, कारण आपल्याच खांबावर आपणच पास होणं खरं नाही. बैठकीला आठवडा उरला तेव्हा तिथूनही पास झाल्याचा कागद आला. बाजारात विकायला लागणाऱ्या सरकारी मार्कचे सोपस्कार अजून बाकी होते, पण त्याच खेपेतलं एक हेलमेट सेठने स्वतःच्या हाताने बाबूजींना दिलं. बाबूजींनी ते उलटसुलट पाहिलं.

"हे पास झालेलं होय का?"

"नाही, बाबूजी. पास झालं ते फुटलं. आपटलेलं हेलमेट पुन्हा वापरत नाहीत. हे त्याच्यासोबतचं."

"म्हणजे जे पास झालं ते फेकलं, अन् ज्याची परीक्षाच नाही घेतली ते मले देऊन राहिली?"

हे समजवायला मला गोंदियाहून केशोरीपर्यंतचा अख्खा बसप्रवास लागला. शेवटी ते म्हणाले की एका गंजातल्या भाताचं एक शित दाबून पाहायचं, असंच ना. मी म्हटलं असंच. मग आधी का नाही सांगितलं, म्हणून माझ्यावरच चिडले.

बैठक सकाळची होती. तीन गावांची माणसं पारीवर उन्हात बसली होती. चावी मी सकाळीच बाबूजींना परत दिली होती आणि पायी पुढे आले होते; बाबूजी हेलमेट घालूनच गाडीवरून उतरले. कोणी म्हणालं, हा काय अवतार. हशा झाला. मग एका जाणत्या माणसाने विषय काढला की यंदा पाणी कोण पाहील. चुलतभावाने घसा खाकरला. बाबूजी बोलतील, माझा मणका बरा आहे, मला हेलमेट मिळालं आहे, काम मलाच द्या, असं मला वाटलं होतं. बाबूजी उभे राहिले, हेलमेट काढून काखेत धरलं.

"हे हेलमेट माझ्या पोरीनं बनवलं," ते म्हणाले. "महिनाभर बनत नव्हतं, माझ्यामुळं. मी पाणी मारून बिघडवून राहिलो होतो. मले वाटे मी सुधरून राहिलो. तिनं सगळ्या कारखान्यासमोर मले झापलं, तेव्हा कळलं." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. जमिनीने फाटून मला आत घेतलं असतं तर बरं झालं असतं. "तीस वर्षं मी तुमचं पाणी वाटून राहिलो. तीस वर्षांत मले एकानंही म्हटलं नाही, तू चुकला. मी काय तीस वर्षं चुकलोच नाही? शेवटच्या बांध्यावाले माझ्यासमोर मान हालवतात अन् घरी जाऊन शिव्या देतात, मले माहीत आहे. मले काम द्या, पण सोबत एक माणूस द्या, शेवटच्या बांधीवाला. अन् त्यानं मले तोंडावर सांगितलं पायजे."

मग मागच्या रांगेतला एक हडकुळा शेतकरी, ज्याची बांधी सगळ्यात शेवटी आहे, उठून म्हणाला, "मागच्या साली मंगळवारचं पाणी माझ्याकडं पोचलंच नाही, बाबूजी." बाबूजी म्हणाले, "काऊन नाही सांगतलं?" तो म्हणाला, "तुमाले भेलो." त्याचंच नाव सोबतीला ठरलं. नारळ फोडायला चुलतभाऊच पुढं झाला.

पहिलं पाणी त्याच वेळी सोडायचं होतं. तुडुम पारीच्या दुसऱ्या टोकाला, चालत गेलं तर बरंच लांब. बाबूजींनी हेलमेट घातलं, पट्टा लावला, गाडी सुरू केली. माझा आनंद मावत नव्हता. मी धावत गेले आणि मागच्या सीटवर बसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी हलली नाही. बाबूजींनी मान वळवली, दुखऱ्या मानेनेच, आणि माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग गाडी बंद केली.

"उतर वो बाई."

"इथून इथं तर जायचं आहे, बाबूजी."

"उतर. तुझ्या डोस्क्यावर काय आहे?"

काही नव्हतं. कितीतरी वर्षं मी हेलमेटं आपटत आले, एक महिना या एका हेलमेटामागं वेडी झाले, आणि स्वतःसाठी एक उचलून आणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सगळी बैठक बघत होती. मी गुपचूप खाली उतरले. बाबूजी गाडी घेऊन निघून गेले, मी पारीवरून पायी चालत राहिले. अर्ध्या वाटेवर खाली नहरात पाणी दिसलं. ते माझ्या उलट दिशेनं, शेवटच्या बांध्यांकडं निघालं होतं.